आगाऊ नवस

माझा रिपोर्ट यायचा होता आणि सासूबाईंना नेमकं त्याच आठवड्यात समुद्राकाठच्या सणाला जायचं होतं. रिपोर्टचं त्यांना माहीत नव्हतं. नवऱ्याने आणि मी ठरवूनच ते त्यांच्यापासून लपवलं होतं. माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली होती, डॉक्टरांनी सुईने तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, आणि माझी स्वतःची आई अशाच गाठीने गेलेली होती. एवढं सगळं पोटात ठेवून मी अमरावतीत क्लासवर बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवत होते, घरी येऊन पोळ्या लाटत होते, आणि सासूबाईंचं एकच पालुपद ऐकत होते की यंदा सिस्टरच्या गावाला जायचंच.

सिस्टर म्हणजे कोण ते सांगते. माझा नवरा लहानपणी टायफॉइडने फार आजारी पडला होता. अकोल्याच्या ज्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं तिथे वसईकडची एक तरुण ख्रिस्ती नर्स होती. तिनेच पोराला वाचवलं असं सासूबाई आजही सांगतात, डॉक्टरांचा त्यात उल्लेखही येत नाही. तेव्हापासून दोघींचं जे जमलं ते जमलंच. सिस्टरनी नोकरीची सगळी वर्षं अकोल्यात काढली आणि रिटायर झाल्यावर त्या आपल्या समुद्राकाठच्या गावी परत गेल्या. मग दर रविवारी फोन. तुरीचा भाव, दोघींचे गुडघे, कोण गेलं, कोणाच्या सुनेने काय केलं. दर जानेवारीत सिस्टर म्हणायच्या, आमच्या संताच्या सणाला या, आणि दर जानेवारीत सासूबाई म्हणायच्या, पाहू. हे 'पाहू' इतकी वर्षं चाललं होतं की आम्ही ते कधी मनावरच घेतलं नव्हतं.

यंदा त्या संक्रांतीला अकोल्याहून आमच्याकडे आल्या, आणि थोडे दिवस राहिल्यावर एका सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या की तिकिटं काढा. मी म्हटलं, आई, पुढच्या वर्षी जाऊ, आत्ता पोरांची परीक्षा तोंडावर आहे. त्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं की पोरं आपापली पास होतात, तू सोबत चल. मी मनातून चिडले. मला तेव्हा एकतर दार लावून एकटीने बसायचं होतं, नाहीतर कोणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं. एका म्हातारीला धरून जत्रेत फिरणं या दोन्हींत बसत नव्हतं.

रात्री मी नवऱ्यावर तो राग काढला. तो नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात शिफ्टवर असतो, त्यामुळे त्याच्यावर राग काढायचा तर त्याची वेळ साधावी लागते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की जा तू, इथे बसून तरी काय करशील, घड्याळच पाहशील. रिपोर्ट मी आणतो, हातात पडला की लगेच फोन करतो. आणि नाही म्हणालीस तर आई कारण विचारेल, ते काय सांगशील? हे खरं होतं. सासूबाईंना कारण सांगणं म्हणजे वकिलापुढे उभं राहणं. मी बॅग भरली.

बडनेऱ्याहून गाडीत बसलो. कल्याणला उतरून भाड्याची मोटार केली. सगळ्या वाटेने मी फोन बघत होते. अजून लॅब उघडलीही नसेल अशा वेळी बघत होते. सासूबाई खिडकीशी बसून मोटारवाल्याला रस्त्यातल्या प्रत्येक झाडाचं नाव विचारत होत्या आणि त्याला एकही येत नाही म्हणून त्याची कीव करत होत्या. त्यांच्या पायाशी ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी होती आणि मांडीवर सांबारवड्यांचा डबा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मोटारवाल्याला सांबारवडी म्हणताच त्याने डब्यात डोसा शोधला, यावर त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मला त्या हसण्याचासुद्धा राग आला.

सिस्टरचं घर समुद्रापासून जवळच, केळीच्या वाडीत. अंगणात एक पांढरा क्रूस, त्यावर झेंडूची माळ, दारात चांदणीच्या आकाराचा दिवा. सिस्टर बारीक, ताठ, केस कापलेल्या. त्यांनी सासूबाईंना पाहिलं आणि दारातूनच म्हणाल्या, "काय वं, आली का शेवटी?" त्या घरात, त्या क्रुसासमोर, ते अस्सल अकोल्याचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. घरातली बाकी माणसं त्यांच्या त्यांच्या बोलीत बोलत होती, ती मला निम्मी कळत होती. सिस्टर मात्र सासूबाईंशी वऱ्हाडीत, माझ्याशी दवाखान्यातल्या मराठीत आणि स्वयंपाकघरात तिसऱ्याच भाषेत बोलत होत्या, आणि कुठेही अडत नव्हत्या.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. सासूबाईंचं माहेर पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं, जिथे विहिरीचं पाणीच खारट लागतं. त्या सरळ पाण्यात घोट्यापर्यंत गेल्या, वाकून ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, आणि थुंकून म्हणाल्या की हे तर आमच्या विहिरीचंच आहे, एवढ्या लांब यायची काय गरज होती. सिस्टर हसल्या. मी लांब उभी राहून फोनवर सिग्नलच्या किती रेघा दिसतात ते बघत होते. ब्लाउजच्या आत टाके नव्हते, फक्त एक छोटी पट्टी होती, पण मला दिवसभर तिथे कोणीतरी बोट ठेवून उभं आहे असं वाटत होतं. हात नकळत तिकडे जायचा आणि मी तो पदर सारखा केल्यासारखं करून खाली घ्यायचे.

सणाच्या सकाळी सासूबाई आंघोळ करून, काहीही न खाता, नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन तयार होत्या. सिस्टरच्या घरी मात्र सगळे न्याहारीला बसले होते. देवाला जायचं आणि आधी खायचं, हे सासूबाईंना पटेना. सिस्टरनी नारळ त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि आज याची कढी करू म्हणाल्या. चर्चच्या पायरीशी सासूबाईंनी चपला काढल्या. कोणीच काढत नव्हतं. मी खुणेने सांगितलं की घाला, त्यांनी ऐकलं नाही, आणि मग मलाही माझ्या चपला पायात टोचायला लागल्या म्हणून मीही काढल्या. आत असेपर्यंत आमच्या चपला कोण चोरेल याची एक जास्तीची काळजी झाली.

आत फुलांच्या कमानीखाली संताची मूर्ती होती. झाडाला बांधलेला एक तरुण, उघडं अंग, आणि त्या अंगात बाण रुतलेले. सासूबाई थबकल्या. त्यांनी विचारलं, "याले कोनं मारलं वं एवढं?" सिस्टरनी सांगितलं की हा राजाचा शिपाई होता, धर्म सोडला नाही म्हणून राजाने याला बाण मारवले. मेला समजून सगळे निघून गेले. पण एका विधवेने पाहिलं की श्वास चालू आहे. तिने त्याला घरी नेलं, एकेक बाण काढला, औषधपाणी केलं आणि बरा केला. हे सांगताना सिस्टर नर्स होत्या हे ऐकूनच कळत होतं, त्यांना ती गोष्ट म्हणजे आपल्याच वॉर्डातली केस वाटत असावी. सासूबाईंनी मूर्तीला हात जोडले आणि पुढे दिवसभर त्या त्याला 'बानवाला बाप्पा' म्हणत राहिल्या.

मिस्सा, म्हणजे त्यांची मोठी प्रार्थना, सुरू झाली. गर्दीत बाकाच्या टोकाला मला जागा मिळाली होती. गाणी मराठीत होती, प्रार्थना मराठीत होती, सासूबाई खूश होत्या. मला मात्र बसवेना. मी मांडीखाली फोन धरून त्या संताबद्दल वाचलं. सिस्टरनी गोष्ट अर्धीच सांगितली होती. तो बरा झाला हे खरं, पण बरा झाल्यावर तो पुन्हा राजासमोर गेला आणि या वेळी त्याला सोट्यांनी मारून टाकलं. मी फोन बंद केला. मग पुन्हा उघडला, कारण तेवढ्यात काही आलं असेल तर. क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं की उद्या टेस्ट आहे का.

पुढे लोक रांगेने वेदीकडे जाऊ लागले. फादर प्रत्येकाला प्रसाद देत होते. सासूबाई उठल्या आणि रांगेत लागल्या. देवळात प्रसादाची रांग दिसली की लागायचं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. मला थांबवावंसं वाटलं, पण माझ्या अंगात तेवढंही त्राण नव्हतं. सिस्टर मागून भराभर गेल्या, सासूबाईंचे दोन्ही हात त्यांच्याच छातीवर फुलीसारखे ठेवून दिले आणि कानात काहीतरी सांगितलं. तो प्रसाद फक्त ख्रिस्ती माणसांनाच मिळतो, म्हणून फादरनी दिला नाही, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. परत येऊन बसताना सासूबाई नाराज होत्या. प्रसादाला कोणी नाही म्हणतं का, असं त्या माझ्या कानात पुटपुटल्या. नंतर बाहेर उकडलेले चणे वाटत होते ते त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून घेतले आणि मग त्यांचं समाधान झालं.

चर्चच्या आवाराबाहेर जत्रा होती. बांगड्या, खेळणी, खाजा, सुकी मासळी. आणि मेणाचे स्टॉल. मी असे स्टॉल पूर्वी कधी पाहिले नव्हते. मेणाचे हात, पाय, डोळ्यांच्या जोड्या, कान, हृदय, पूर्ण बाळ, पूर्ण माणूस, घर, रिक्षासुद्धा. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते विकत घ्यायचं आणि संतापुढे ठेवायचं. लाल लुगड्यातली एक बाई विकत होती. मी सासूबाईंना म्हटलं, आई, एक पाय घ्या, गुडघ्यासाठी.

इथे सासूबाईंच्या देवांविषयी सांगायला हवं. माझे सासरे अकोल्याच्या बाजारात कापसाच्या अडतीवर होते. माल पाहिल्याशिवाय सौदा नाही, हे त्या घरात मुरलेलं आहे. सासूबाई नवस बोलतात, पण फेडतात काम झाल्यावरच. नवऱ्याला नोकरी लागली तेव्हा देवीला साडी गेली आणि दर्ग्यावर चादर गेली, पण लागल्यावर, आधी नाही. त्यांची प्रार्थना म्हणजे काम कर, मग देते, एवढीच. एका देवीला त्यांनी दुसऱ्या मुलासाठी नवस बोलला होता. ते मूल झालं नाही. त्या देवीच्या देवळावरून जाताना त्या आजही मान दुसरीकडे वळवतात.

मेणाच्या बाईने समजावून सांगितलं की इथे आधी मेण ठेवतात आणि मग मागतात. सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे आगाऊ? बाई म्हणाली, हो आजी, आधीच. सासूबाईंनी मेणाचा पाय उचलून, उलटासुलटा करून, परत ठेवला. आधी गुडघा बरा करू दे, पुढच्या वर्षी येऊन मोठा पाय देते, असं त्यांनी बाईला सांगितलं. बाई हसली. सिस्टर म्हणाल्या, ही सुधारायची नाही.

मी हसले नाही, कारण मला ते दिसलं होतं. डोळे आणि कानांच्या मधल्या रांगेत मेणाचे स्तन ठेवले होते. पिवळट, एकेकटे, बुडाशी सपाट. एखाद्या मसाल्याच्या दुकानात जायफळ मांडावं इतक्या सहज मांडलेले. मला ते हवं होतं. मी कधी नवस बोलले नाही, उपासही धरत नाही, पोरांना रोज सांगते की पुराव्याशिवाय काही मानू नका, आणि तरी मला त्या क्षणी ते मेण हवं होतं, आणि ते मी घेऊ शकत नव्हते, कारण शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मी म्हटलं, चला, ऊन फार आहे.

दुपारी मिरवणूक होती. सिस्टरच्या अंगणात जेवणं झाली, नारळाची कढी झाली. नवऱ्याला फोन लावला. तो लॅबबाहेर उभा होता. अजून थोडा वेळ लागेल म्हणतात, असं तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न मला ऐकू येत होता. मी वाडीच्या टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले. सिस्टरच्या भाचीने विचारलं, ताई, काही हरवलं का? मी म्हटलं, नाही, चालायची सवय आहे. सासूबाई ओट्यावर सिस्टरबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मान वर करून माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. आपल्या घरातलं माणूस असं वेड्यासारखं येरझारा घालतंय आणि यांना शेंगा सुचतात, असं माझ्या मनात आलं. मी फार वाईट विचार केले त्या दुपारी, त्यांच्याबद्दल, नवऱ्याबद्दल, सुई टोचताना गाणं गुणगुणणाऱ्या त्या डॉक्टरबद्दल.

मिरवणूक निघाली तेव्हा गर्दी एकदम वाढली. पुढे बँड, मागे मुली फुलं उधळत, मग खांद्यावरून मूर्ती. सासूबाई आणि सिस्टर एका वळणावर पुढे गेल्या आणि मला दिसेनाशा झाल्या, त्या बराच वेळ दिसल्याच नाहीत. मी त्यांना शोधायला हवं होतं. मी उलट्या दिशेने फिरले आणि जवळजवळ धावत मेणाच्या स्टॉलवर गेले. लाल लुगड्यातली बाई एकटीच होती. मी बोटाने दाखवलं, मला तोंडाने सांगवलं नाही. तिनेही काही विचारलं नाही. कागदात गुंडाळून दिलं. ते अपेक्षेपेक्षा जड होतं आणि उन्हाने जरा मऊ झालं होतं. मी पदराखाली धरून चर्चमागच्या मोठ्या क्रुसाकडे गेले, जिथे लोक मेणबत्त्या लावतात आणि ही मेणाची अंगं ठेवतात.

मिरवणुकीमुळे तिथे फारसं कोणी नव्हतं. क्रुसाखाली एक म्हातारी गुडघ्यांवर बसली होती. ते गुडघे त्यांना जमिनीवर बसू देत नाहीत म्हणून आम्ही त्यांच्यासाठी उंच पाट केला आहे, खुर्ची केली आहे, कमोड केला आहे. सासूबाई होत्या. बाजूला सिस्टर उभ्या होत्या, त्यांच्या दंडाला धरून. मला पाहून सिस्टरनी नजर खाली घेतली आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

सासूबाईंच्या हातात कागद होता. त्यांनी तो उलगडला आणि आतलं मेण क्रुसाच्या पायाशी ठेवलं. मी जे पदराखाली धरलं होतं तेच.

त्यांनी वळून पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर दाखवलं नाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, कागदाबाहेर आलेला आकार पाहिला.

"डाव्याच बाजूचं हाय ना?" त्या म्हणाल्या. "मंग दोन काहून घेतले आपण?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू आलं. मी खाली बसले. फरशी तापलेली होती. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं, यांनी? त्या म्हणाल्या की त्याने कशाला सांगितलं असतं, त्याला लपवायची लाज नाही. तुझा ब्लाउज मी धुतला. डाव्या बाजूला आतून त्या लाल-पिवळ्या औषधाचा डाग होता, आणि जरासं रक्त. तुझी आई कशाने गेली हे मला माहीत नाही का? मग त्यांनी सिस्टरना फोन करून विचारलं होतं की असा डाग कशाचा असतो. सिस्टरनी कशाचा ते सांगितलं होतं. आणि त्यानंतरच त्या चहा पिता पिता तिकिटं काढा म्हणाल्या होत्या.

मी विचारलं की मग आम्हाला का नाही विचारलं. त्या म्हणाल्या की तुम्ही सांगत नव्हता, म्हणजे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगायचं नसेल तर मी कशाला काढून घेऊ? दुपारभर मी ज्या शेंगा सोलण्यावर जळत होते त्या शेंगा त्या दोघींनी माझ्याकडे न बघण्यासाठी हातात धरल्या होत्या.

मी माझं मेणही त्यांच्या शेजारी ठेवलं. दोन्ही ठेवल्यावर ते फारच विचित्र दिसायला लागलं. सासूबाईंनी पाहिलं आणि पदराने तोंड झाकलं. सिस्टर मागे हसू दाबत होत्या. आम्ही तिघी त्या क्रुसासमोर असं हसत होतो की एका येणाऱ्या बाईने लांबूनच मेणबत्ती लावून काढता पाय घेतला.

तेवढ्यात फोन वाजला.

नवऱ्याचं नाव दिसत होतं. दिवसभर ज्या फोनची वाट पाहिली तो हातात थरथरत होता आणि मला तो घेता येत नव्हता. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, हिरवं बटण सरकवलं, कानाला लावला.

"मी हावो," त्या म्हणाल्या. "तिच्याजवळच हावो. मले सारं मालूम हाय. सांग तू."

पलीकडून त्याचा आवाज येऊ लागला, शब्द कळत नव्हते. सासूबाई 'व्हय', 'व्हय' करत होत्या. ऑपरेशन कधी करायचं म्हणतात, एवढं त्यांनी विचारलं, आणि त्यावरून मला कळलं. मग त्यांनी त्याला, पोटभर जेव आणि मगच गाडी चालव, असं सांगून फोन ठेवला.

माझ्याकडे वळून त्यांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. "तेच हाय," त्या म्हणाल्या. "पन लवकर सापडलं म्हनते डॉक्टर. पसरलं नाही."

मला राग आला. भीतीच्याही आधी राग आला, आणि तो निघाला तो त्या मेणावर. मी म्हटलं, आई, आयुष्यभर तुम्ही एका देवाला आगाऊ दिलं नाही आणि आज दिलं, आणि बघा काय झालं. अजून फोन ठेवून मिनिट झालं नाही. त्या देवीकडे बघत नाही तुम्ही, मग आता याच्याकडेही बघू नका. माझा आवाज चढला होता. सिस्टर जवळ येऊ लागल्या, सासूबाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

"त्या देवीले मी काहीच देल्लं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हनून ती सुटली. याले आगाऊ देल्लं हाय. आता हा सुटत नाही."

हे त्या क्रुसाकडे बघून म्हणाल्या, मोठ्याने, त्यालाही ऐकू जावं अशा बेताने. सासरे अडतीवरून शेतकऱ्याशी असंच बोलत असत म्हणे. मग त्यांना उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. सिस्टरनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. उठता उठता त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. मला तो डाव्या बाजूला दुखला आणि मी हात काढला नाही.

चर्चच्या पुढच्या अंगाला मिरवणूक परत येत होती. बँडचा आवाज जवळ आला होता. मला काय वाटत होतं ते सरळच सांगते. मला मरायचं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा तिच्या शेवटच्या महिन्यांत घरात करायला कोणी नव्हतं. बाबा हबकून गेले होते, मी कॉलेजात होते, आणि तिला पाणी द्यायलासुद्धा कधी कधी कोणी नसायचं. मला कॅन्सरपेक्षा त्या खोलीची भीती वाटत होती. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तिथे चालता चालता सासूबाईंना सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चालीत फरक पडला नाही. मग म्हणाल्या की निघायच्या दिवशी फोन करून अकोल्याचं दूध मी बंद केलं. मी थांबले. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण त्यांचा गवळी एकदा दूध बंद केलं की ते दुसऱ्याला लावून देतो, म्हणून त्या दिवाळीला आमच्याकडे आल्या तरी दूध बंद करत नाहीत, शेजारच्या मुसलमान खालाला ते घ्यायला सांगतात. सासरे गेले त्या दिवशीही दूध आलं होतं. सासऱ्यांनंतर ते घर सोडून आमच्याकडे कायमच्या या म्हणून आम्ही किती डोकं फोडलं, त्या एका दुधाचं कारण सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं होतं.

"कधी चालू करू म्हने गवळी," त्या म्हणाल्या. "म्हनलं, माही सून बरी झाली का सांगतो तुले."